लॅपटॉपची तोंडओळख

डिचोलीहून साखळीकडे जाणाऱ्या वाटेवर कारापूर हे गाव लागते. साखळीच्या समोर, वाळवंटी नदीच्या दुसऱ्या तीरावर, या गावाचा विठ्ठलापूर हा भाग येतो. तेथील विठ्ठलमंदिर आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री नदीत सोडल्या जाणाऱ्या नौका साऱ्या गोमंतकाला ठाऊक आहेत. अशा गावातही लॅपटॉप ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना, उच्च माध्यमिक वर्गांतील विद्यार्थ्यांना संगणक देणारी ‘सायबरएज’ योजना गोवा सरकारने सुरू केली आणि संगणक शाळेच्या खोलीतून निघून घराघरांत येऊ लागला. पुढे टेबल अडविणाऱ्या त्या जड संगणकाची जागा हलक्या लॅपटॉपने घेतली. 2020 साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या आणि वर्ग पडद्यावर भरू लागले, तेव्हा ज्या घरांनी तोवर तग धरला होता त्यांनाही हे यंत्र आणावेच लागले.

परंतु यंत्र घरात आले म्हणजे ते घरातील सर्वांचे झाले, असे नव्हे. मुले ते सहज चालवितात. वडीलधारी माणसे मात्र त्याच्याकडे दुरून पाहतात. ज्या गृहिणीने तीस वर्षे शिलाईचे यंत्र चालविले, ज्या गृहस्थाने कुळागरातील पंप स्वतःच्या हाताने उघडून दुरुस्त केला, तीच माणसे लॅपटॉपचे एक बटण दाबताना कचरतात. काही बिघडेल, काही पुसले जाईल, अशी धास्ती त्यांना वाटते. या धास्तीला वयाचे कारण दिले जाते. ते खरे नव्हे. खरे कारण निराळे आहे. जुन्या यंत्रांत प्रत्येक खटक्याला एकच काम असे आणि ते काम डोळ्यांना दिसे. खटका खाली केला की पंखा थांबे. लॅपटॉपच्या बाह्यांगावर मात्र दोन जातींची साधने शेजारी शेजारी बसविलेली असतात. काही साधने हुकूम देतात आणि तो यंत्राला पाळावाच लागतो. काही साधने केवळ अर्ज करतात, आणि तो अर्ज मान्य करावयाचा की नाही हे आतील प्रोग्रॅम ठरवितो. कोणते साधन कोणत्या जातीचे आहे एवढे कळले, तर बरीचशी धास्ती निघून जाईल. आणि प्रसंगी पैसाही वाचेल, हे पुढे दिसेलच.

प्रथम यंत्राची ठेवण पाहू. 1981 साली ऑस्बॉर्न नावाचा एक हातात वाहून नेण्याजोगा संगणक अमेरिकेत विक्रीस आला. त्याचे वजन सुमारे अकरा किलो होते आणि तो शिलाईयंत्राच्या पेटीसारखा दिसे. दुसऱ्याच वर्षी, 1982 साली, ग्रिड कंपास हा संगणक आला. बिल मॉग्रिज या इंग्रज अभिकल्पकाने त्याचा पडदा बिजागरीवर बसवून कळफलकावर मिटेल असा केला. आजचा प्रत्येक लॅपटॉप त्याच शिंपल्याच्या घडणीचा आहे. म्हणून बिजागरी हे त्याचे सर्वांत नाजूक बाह्यांग ठरते. झाकण नेहमी वरच्या कडेच्या मध्यभागी धरून उघडावे. एका कोपऱ्याला धरून ओढण्याची सवय लागली, की काही महिन्यांत बिजागरी करकरू लागते आणि तिच्यातून पडद्याकडे जाणाऱ्या बारीक तारा दुखावतात.

झाकण मिटले की पडदा काळा होतो आणि यंत्र बंद झाले असे वाटते. पण ते बंद झालेले नसते, झोपलेले असते. झाकणात एक लहानसे लोहचुंबक दडविलेले असून खालच्या भागातील एक संवेदक ते जवळ आल्याची खूण ओळखतो व आतील प्रोग्रॅमला कळवितो. प्रोग्रॅम बहुधा यंत्राला निजवितो. झाकण मिटले तरी जागेच राहावे, अशीही तजवीज त्यात करता येते. म्हणजे झाकण मिटणे हाही एक अर्जच. झोपलेले यंत्र बॅटरीतील वीज थोडी थोडी खात राहते, म्हणून रात्री मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी रिकाम्या बॅटरीनिशी भेटतो आणि घरात उगाच मुलांवर आळ येतो.

आता विजेचे बटण. तुटलेले वर्तुळ आणि त्यात उतरलेली एक उभी रेघ, असे त्याचे चिन्ह जगभर एकच आहे. शून्य आणि एक या दोन अंकांपासून, म्हणजे ‘बंद’ आणि ‘चालू’ यांच्या खुणांपासून, ते घडले. हे बटण यंत्रातील सर्वांत विलक्षण होय, कारण ते दोन्ही जातींचे आहे. यंत्र चालू असताना ते हलकेच दाबून सोडले तर तो अर्ज असतो. यंत्राने झोपावे, की नीट आवराआवर करून बंद व्हावे, हे आतील प्रोग्रॅम ठरवितो. तेच बटण चार ते दहा सेकंद दाबून धरले तर मात्र तो हुकूम होतो. मग पडद्यावर काहीही चाललेले असो, वीज तुटते आणि यंत्र निपचित पडते. न साठविलेले लिखाण त्यात जाते, म्हणून हा उपाय रोजचा नव्हे. पण तो आहे, हे ठाऊक असणे फार महत्त्वाचे.

याचे कारण असे की, घरातील इतर सर्व यंत्रांना लागू पडणारा अखेरचा इलाज येथे चालत नाही. मिक्सर थांबत नसेल तर भिंतीवरचा प्लग उपटावा, हे शहाणपण प्रत्येक घरात आहे. लॅपटॉपचा प्लग उपटला तरी तो चालूच राहतो, कारण पोटात बॅटरी असते. आणि हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती बाहेरून काढता येत नाही. प्लगाला न जुमानणारे हे यंत्र विजेच्या या लहानशा बटणाला मात्र जुमानते.

चार्जरविषयी थोडक्यात सांगता येईल. त्याच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. आत येणाऱ्या विजेच्या ओळीत बहुधा 100 ते 240 व्होल्ट असे लिहिलेले असते. आपल्याकडील 230 व्होल्ट त्यात बसतात. बाहेर जाणाऱ्या विजेच्या ओळीतील आकडा एकोणीस किंवा वीस व्होल्टांच्या आसपास असतो. जुना चार्जर बिघडून गोल पिनेचा नवा घ्यावयाचा झाला, तर हा दुसरा आकडा जुन्याशी तंतोतंत जुळला पाहिजे; अँपिअरचा आकडा जुन्याइतका किंवा त्याहून अधिक असावा. पीन बसते एवढ्यावरून चार्जर चालतो असे मानू नये. काम चालू असता ठोकळा कोमट लागणे स्वाभाविक आहे; हात ठेववेना इतका तापत असेल तर तो बदलावा.

कळफलकाकडे वळताच मराठी वाचकाला एक खंत जाणवते. बटणांवर सर्वत्र इंग्रजी अक्षरे! त्यांची मांडणीही वर्णानुक्रमाने नाही. 1870च्या दशकातील अमेरिकन टंकलेखनयंत्राची ती मांडणी दीडशे वर्षे तशीच चालत आली आहे. पण या अक्षरांच्या आड देवनागरीचीही एक मांडणी दडलेली आहे, आणि ती इंग्रजीहून पुष्कळच शहाणपणाची आहे. तिचे नाव इनस्क्रिप्ट. 1980च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण ठरविली, पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने तिच्या प्रसाराला मोठा हातभार लावला, आणि 1991 साली भारतीय मानक संस्थेच्या लिपिविषयक मानकात तिला स्थान मिळाले. आज बहुतेक लॅपटॉपमध्ये ती विनामूल्य असते. फक्त भाषांच्या यादीत मराठी निवडून घ्यावी लागते. मग चौकटींच्या खिडकीचे चित्र असलेले बटण दाबून धरून लांब आडवे बटण दाबले, की इंग्रजीतून मराठीत जाता येते.

या मांडणीत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने बव्हंशी उजव्या हाताकडे आहेत. अल्पप्राण आणि महाप्राण यांची जोडी एकाच बटणावर असते. इंग्रजी के या बटणावर क, आणि शिफ्ट धरून तेच दाबले की ख. ग आणि घ आयवर, त आणि थ एलवर, प आणि फ एचवर. ल आणि ळ हेही एकाच घरात, एन या बटणावर राहतात. ज्याने बाराखडी तोंडपाठ केली आहे त्याला ही मांडणी चार-आठ दिवसांत बोटांत बसते. जुन्या मराठी टंकलेखनयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दाबावी लागे, कारण ती कागदावर आधी उमटे. येथे उच्चाराचा क्रम हाच बटणांचा क्रम. ‘कारापूर’ लिहावयाचे असेल तर के, ई, जे, ई, एच, टी, जे अशी सात बटणे दाबावीत; क, काना, र, काना, प, दीर्घ उकार, र असे ते जसेच्या तसे उमटते. देवनागरीत लिहिली जाणारी कोकणीही याच बटणांवरून लिहिता येते, तेव्हा गोमंतकीय घराला एकाच श्रमात दोन भाषा साधतात. इतकी सोय हाताशी असून आपली माणसे मराठी शब्द रोमन लिपीत ओढून ताणून लिहीत बसतात, ही गोष्ट खचितच भूषणावह नव्हे.

कळफलकावर न पाहता बोट फिरवून पाहिले, तर मधल्या ओळीतील एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटे हाताला लागतात. दोन्ही तर्जनींचे ते ठिकाण. मराठी मांडणीत तेथे ऱ्हस्व वेलांटी आणि र येतात. डोळे अधू झालेल्या माणसाला हे दोन उंचवटे काठीसारखे उपयोगी पडतात. रुपयाचे चिन्ह आपल्या देशाने 2010 साली स्वीकारले. त्यानंतर ते अनेक लॅपटॉपवर चार या आकड्याच्या बटणावर कोपऱ्यात छापलेले आढळते. लांब आडव्या बटणाच्या उजव्या अंगाचे आल्ट नावाचे बटण धरून चार दाबला म्हणजे ते बहुधा उमटते.

आणखी एका बटणाची ओळख करून दिलीच पाहिजे, कारण घरोघरी त्याने छळ मांडलेला असतो. डाव्या कडेचे कॅप्स लॉक. चुकून त्याला धक्का लागला की सर्व इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीतील होतात. पासवर्ड लिहिताना अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, त्यामुळे चूक ध्यानात येत नाही. बरोबर पासवर्ड तीनदा नाकारला जातो आणि बँकेचे खाते काही काळ अडून बसते. पासवर्ड नाकारला गेला तर प्रथम या बटणाजवळचा बारीक दिवा पाहावा. तो लागलेला असेल, तर बटण एकदा दाबून तो घालवावा आणि मगच पुन्हा लिहावे.

सर्वांत वरच्या ओळीत एफ-एक ते एफ-बारा अशी बटणे असतात. त्यांवरील बारीक चित्रे वाचता आली पाहिजेत. लहान सूर्य आणि मोठा सूर्य म्हणजे पडद्याचा उजेड कमी-अधिक करणे. कर्ण्याचे चित्र आवाजाचे. विमानाचे चित्र असलेले बटण दाबले गेले, की वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद होतात. इंटरनेट गेले म्हणून तंत्रज्ञाला बोलाविण्याआधी एकदा हे विमान जमिनीवर आहे ना, हे पाहावे. चौकोनावर आडवी रेघ असलेले चित्र स्पर्शफलक निकामी करते. प्रत्येक कंपनी ही चित्रे निरनिराळ्या बटणांवर ठेवते, तेव्हा आकडा पाठ न करता चित्र ओळखावे. नुसते बटण दाबून चित्रातील काम होत नसेल, तर खालच्या डाव्या कोपऱ्याशी असलेले, एफ-एन अशी इंग्रजी अक्षरे असलेले बटण सोबत धरावे.

कळफलकाखालचा गुळगुळीत चौकोन म्हणजे टचपॅड, अर्थात स्पर्शफलक. बोटाच्या दाबाने नव्हे, तर बोट टेकल्यामुळे त्याखालील विद्युत्क्षेत्रात होणाऱ्या किंचित बदलाने त्याला हालचाल कळते. म्हणूनच पेन्सिलीच्या टोकाला तो दाद देत नाही, आणि नारळ खवून तसाच ओला हात लावला तर बाण पडद्यावर सैरावैरा धावू लागतो. यंत्र बिघडलेले नसते. हात कोरडा करून यावे. एक बोट सरकविले की बाण हलतो, दोन बोटे एकत्र वर-खाली सरकविली की पान सरकते. डाव्या खालच्या कोपऱ्याची टिचकी निवडण्यासाठी, उजव्या कोपऱ्याची टिचकी पर्यायांची यादी उघडण्यासाठी.

आता पडद्याच्या वरच्या कडेकडे पाहू. तेथे मध्यभागी मसुराच्या दाण्याएवढे जे भिंग दिसते तो कॅमेरा, आणि जवळपासची टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे म्हणजे मायक्रोफोन. आखातात किंवा मुंबईत असलेल्या मुलाला त्रिपुरारीच्या नौकांचा उजेड घरबसल्या दिसतो तो याच दाण्यातून. आणि भामटा घरात शिरतो तोही येथूनच.

गेल्या काही वर्षांत ‘डिजिटल अटक’ या नावाने एक फसवणूक देशभर बोकाळली आहे. पोलीस, सीबीआय किंवा कस्टम यांचा अधिकारी असल्याची बतावणी करून कोणी व्हिडिओवर बोलतो. तुमच्या नावाने गुन्हा दाखल आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका, असा दम भरतो. आणि तासन् तास, कधी दिवसेंदिवस, समोर बसवून पैसे काढून घेतो. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी आपल्या नभोवाणीवरील ‘मन की बात’मध्ये या प्रकाराविषयी सावध केले होते. डिजिटल अटक असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही. परंतु भेदरलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. त्या वेळी त्याचा हात कोठे जावा, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

येथेच हुकूम आणि अर्ज यांतील भेद कामास येतो. कित्येक लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्यावर सरकणारी एक बारीक पापणी असते. नखाने ती सरकविली की भिंग झाकले जाते; काही यंत्रांत त्या जागी तांबडा किंवा केशरी ठिपका दिसतो. हा खरा हुकूम. कोणत्याही प्रोग्रॅमला तो परतविता येत नाही. पापणी नसेल तर काम नसताना कागदाची पातळ पट्टी चिकटवावी. जाड झाकण मात्र नको, कारण लॅपटॉप मिटताना त्याचा दाब पडून काच तडकू शकते. कॅमेरा चालू असता त्याच्या शेजारी एक बारीक दिवा लागतो, ही खूणही लक्षात असावी. मायक्रोफोनला बहुधा असा दिवा नसतो आणि पापणी तर नसतेच. त्याचे तिरकी रेघ असलेले बटण बहुतेक यंत्रांत अर्जच करते. म्हणजे भिंग झाकले तरी कान उघडेच राहतात. भामटा समोर असता, किंवा ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असा कर्कश इशारा पडदाभर पसरून कोणतेच बटण चालेनासे झाले असता, एकच करावे. विजेचे बटण दाबून धरावे आणि मनात दहा अंक मोजावेत. पडदा काळा होईल. मग घरच्या माणसाला हाक मारावी. पैसे गेलेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

यंत्राच्या दोन्ही कडांना असलेल्या खाचांविषयी फार बोलण्याची गरज नाही. त्रिशुळाचे चिन्ह असते ती यूएसबी. 1996 साली पहिल्यांदा जाहीर झालेल्या या जोडणीच्या घडणीत, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले आणि पुढे इंटेल कंपनीत गेलेले अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. तिची जुनी, रुंद जात एकाच बाजूने बसते. बसत नसेल तर उलटून पाहावे, जोर करू नये. नवी, लंबगोल सी जात दोन्ही बाजूंनी बसते, आणि अनेक यंत्रांत तिच्यातूनच वीजही आत घेता येते. साडेतीन मिलीमीटरचे गोल छिद्र कानात घालावयाच्या कर्ण्यांचे. एका कडेला कुलपाचे चित्र असलेली लहानशी चौकट दिसते. ती कसलीही जोडणी नव्हे, वाचनालयासारख्या ठिकाणी यंत्र साखळीने बांधून ठेवण्याचे ते भोक आहे. त्यात काही खुपसण्याचा प्रयत्न पुष्कळ जण करतात.

खालच्या अंगाकडे मात्र कोणी पाहत नाही, आणि कारापूरसारख्या ठिकाणी तर ते अवश्य पाहिले पाहिजे. तेथे रबराचे बुटके पाय असतात. ते शोभेसाठी नसून यंत्राच्या पोटाखालून वारा खेळावा म्हणून बसविलेले असतात. तळाच्या जाळीतून आतला पंखा बहुधा थंड हवा घेतो व बाजूने गरम हवा बाहेर टाकतो. लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर ठेवला की ही जाळी बुजते आणि यंत्र भणभणू लागते. डिचोली तालुक्यात तर धुळीचीही भर आहे. लोहखनिजाच्या खाणी 2012 साली आणि पुन्हा 2018 साली थांबल्या, 2024 साली डिचोलीचा खाणपट्टा परत सुरू झाला. पण खाणी चालोत वा न चालोत, जांभ्या मातीची तांबडी धूळ उन्हाळ्यात खिडकीतून यायचीच. मऊ कोरड्या कुंचल्याने जाळी महिन्यातून एकदा झाडावी. पाण्याचा फडका तेथे कदापि लावू नये.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम फुटतो. या दिवसांत यंत्र कपाटात कोंडून ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालविणे हितकारक, कारण त्याची स्वतःचीच ऊब ओल धरू देत नाही. विजा कडाडू लागल्या की भिंतीवरचे बटण नुसते बंद न करता प्लगच काढून ठेवावा. येथे पोटातील बॅटरी उपकारक ठरते. मुलाचा अभ्यास खंडित न होता यंत्र वादळापासून सुटे राहते.

पालथ्या अंगावर एक पांढरी चिठ्ठी असते. तिच्यावर यंत्राच्या नमुन्याचे नाव आणि त्याचा स्वतःचा अनुक्रमांक छापलेला असतो. हाताच्या घर्षणाने व घामाने दोन-तीन वर्षांत ही अक्षरे पुसट होतात. आणि दुरुस्तीच्या दुकानात, हमीच्या कागदांवर किंवा चोरीची तक्रार नोंदविताना पहिल्यांदा विचारला जातो तो हाच क्रमांक. तो आजच वहीत उतरवून घ्यावा आणि ती वही घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी.